एका मिनिटाचा तळहात

दोन हजार त्रेचाळीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी पाडळवेढ्याच्या शिवारात हळद अशी पिकली होती की शिमगा तोंडावर आला तरी हळद शिजवायच्या काहिली थंड झाल्या नव्हत्या. गावाबाहेरच्या खळ्याखळ्यावर पॉलिशचे ड्रम गरागरा फिरत होते आणि त्यांतून उडणारा पिवळा धुरळा सगळ्या गावावर बसत होता. दोरीवर पांढरं धोतर वाळत घालावं आणि काढताना ते पिवळं निघावं, असे ते दिवस. लोक हसून म्हणायचे, अख्ख्या गावाचंच लग्न ठरलंय.

हंगामाच्या त्या दोन महिन्यांत ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत धाप लागलेल्यांची रांग लागे. कॅज्युअल्टी म्हणजे दारातून शिरल्यावर डाव्या हाताची लांबट खोली. तिथं चार खाटा, भिंतीलगत एक बाक आणि खिडकीत तुळशीचं डबडं. प्रमिला तोडकर पस्तीस वर्षांपूर्वी नवी सिस्टर म्हणून या खोलीत आली, ती तिथलीच झाली. आता निवृत्तीला चार महिने उरले होते.

सिस्टर म्हणून ती कशासाठी ओळखली जायची म्हणाल, तर श्वास मोजण्यासाठी. तिला शिकवणाऱ्या मेट्रनबाई फार कडक होत्या. नाडी पंधरा सेकंद मोजून चारानं गुणली तर चालेल, श्वासाला ते चालायचं नाही, असं त्या सांगायच्या. श्वास पुरता एक मिनिट मोजायचा. आणि पेशंटला न कळू देता मोजायचा, कारण कुणी आपला श्वास बघतंय म्हटलं की माणूस तो वेगळाच घ्यायला लागतो. म्हणून प्रमिला एका हातानं मनगट धरायची, नाडी बघितल्यासारखं करायची आणि दुसरा तळहात पोटाच्या वरच्या भागावर ठेवून विचारायची, "इथं दुखतंय का?" दुखत नसायचंच. पेशंट नाही म्हणून घरचं काहीबाही सांगत बसे आणि तळहाताखाली त्याचा श्वास आपली खरी गोष्ट सांगत राही. पुरतं एक मिनिट.

पण गेले अकरा महिने प्रमिलानं कुणाच्या पोटावर हात ठेवला नव्हता. तसा शब्दच तिनं दिला होता. आणि तो मागणारी तिची स्वतःची मुलगी होती.

तन्वी एकतीस वर्षांची. पुण्यात एका संशोधन संस्थेत सात वर्षं खपून तिनं आणि तिच्या सोबत्यांनी एक कापड तयार केलं होतं. कागदावर त्याचं नाव श्वासपट. राखाडी, मऊ, दोन हात लांब. पेशंटच्या उघड्या छातीवर ते अंथरलं की त्याच्या काठावर वीस सेकंदांत एक आकडा उजळायचा, एक ते नऊमधला. दोनपर्यंत असेल तर बाकावर बसा, डॉक्टर बघतील. तीन ते पाच म्हणजे खाट आणि ऑक्सिजन. सहा किंवा त्याहून वर गेलं की अँब्युलन्स आपोआप जागी व्हायची आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात खाट राखून ठेवली जायची.

गावानं मात्र त्याला पहिल्याच दिवशी शाल म्हणायला सुरुवात केली. छातीवर शाल पडली की म्हातारे विचारायचे, "सत्कार झाला सिस्टर, नारळ कुठाय?"

त्या शालीत केसाहून बारीक असे हजारभर धागे विणलेले होते. काही धागे छातीतला आवाज ऐकत. काही धागे एका बाजूनं अगदी हलका, कानाला न कळणारा नाद आत सोडत आणि दुसऱ्या बाजूचे तो कसा पोचला ते बघत. हवा खेळती असेल तर नाद वेगळा येतो, कोंडलेली असेल तर वेगळा. काही धागे फासळ्या किती ताणल्या जातात ते मोजत. काहींना कातडीतून झिरपणारा वायू कळे, म्हणजे शरीरातली वापरलेली हवा नीट बाहेर पडते आहे की आतच साठते आहे, ते कळे. तन्वी आईला समजावताना म्हणाली होती की रक्तात ऑक्सिजन किती आहे हे सांगणारे चिमटे पूर्वीही होते. पण तेवढा ऑक्सिजन टिकवायला शरीर किती राबतंय, आणि ते कधी थकणार, हे कुणी सांगत नव्हतं. शाल तेच सांगायची.

हे कापड तन्वीनं का विणलं, ते प्रमिलाला ठाऊक होतं. दोघी त्याविषयी कधी बोलल्या नव्हत्या, इतकंच. दोन हजार एकवीसच्या साथीत प्रमिलाचा नवरा अरुण याच खोलीतल्या खाटेवर होता. एस.टी.त कंडक्टर होता तो, बोलका, लोकांना हसवणारा. बोटाचा चिमटा बरा आकडा दाखवत होता आणि तो हातानंच खुणावत होता की माझं ठीक आहे, तू बाकीच्यांकडं बघ. प्रमिलानं त्या दिवशी एकेचाळीस जणांचे श्वास मोजले. बेचाळिसावा अरुण होता. त्याच्यापर्यंत हात पोचायला दुपार उलटली, आणि तोवर उशीर झाला होता. पुढं कधीतरी ती हे आपल्या नणंदेला सांगत होती, तेव्हा नऊ वर्षांची तन्वी दाराआड उभी राहून ऐकत होती.

शालीची चाचणी राज्यात चार रुग्णालयांत चालली होती आणि तन्वीनं हट्टानं त्यात पाडळवेढं घेतलं होतं. चाचणीचा नियम असा, की सिस्टरला किंवा डॉक्टरला शालीचा आकडा पटला नाही तर तो मोडायची मुभा होती. तशी एक लाल कळच होती. पण वर्षात एका रुग्णालयात तीन आकडे मोडले गेले की ते रुग्णालय चाचणीतून बाद. आणि चारांतलं एक बाद म्हणजे राज्यभराची परवानगी लटकली.

प्रमिलानं पहिल्या महिन्यातच दोन आकडे मोडले. दोन्ही वेळा शाल बरोबर निघाली आणि तिचा हात चुकला. दुसऱ्या वेळी तन्वी पुण्याहून धावत आली होती. ती रागावली नाही. आईच्या शेजारी बाकावर बसून तिनं एवढंच सांगितलं की तू हात ठेवलास की लोक शालीऐवजी तुझ्या तोंडाकडं बघतात. एक वर्ष हात ठेवू नकोस. प्रमिला बरं म्हणाली. त्या दिवसापासून ती शाल अंथरायची आणि स्वतःचे हात एप्रनच्या खिशात घालून उभी राहायची. रिकामे हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते. तन्वी शेवटची जुळवाजुळव करायला आली होती आणि शेजारच्या औषधांच्या खोलीत टॅबलेट मांडून बसली होती. दुपारी बाराचा सुमार असेल. दारात रिक्षा थांबली आणि हौसामामींचा आवाज आधी आत आला.

"व्हा म्होरं. लग्नाला आल्यागत मागं मागं काय ऱ्हाताय?"

हौसामामींच्या मागून त्यांचे यजमान बाजीराव ऐवळे आत आले. नाव बाजीराव आणि अंगानं काडी. वय पंचाहत्तर. सगळं गाव त्यांना बाजीमामा म्हणायचं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सनई. मात्र बाजीमामा सुरावट वाजवणारे नव्हेत. तो मान त्यांच्या थोरल्या भावाचा. बाजीमामा सूर धरायचे. सनईच्या ताफ्यात एकजण तऱ्हेतऱ्हेचं वाजवतो आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. त्याच्या बाजूला दुसरा एकच सूर धरून बसतो, अखंड, कार्य संपेपर्यंत. तो आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुटला तरच कळतं की होता. भाऊ गेला, लग्नांत सनई वाजवायची यंत्रं आली, आणि बाजीमामा हळदीच्या हंगामात पॉलिशच्या ड्रमवर जायला लागले.

प्रमिलाच्या लग्नात सूर त्यांनीच धरला होता. वैशाखातलं लग्न, ऊन मी म्हणत होतं आणि तिच्या एका आत्यानं स्वतः रचलेल्या सात मंगलाष्टका म्हणायला घेतल्या होत्या. अंतरपाटामागं उभ्या असलेल्या प्रमिलाचं लक्ष ना नवऱ्याकडं ना आत्याकडं. नोकरीला लागून वर्षच झालेलं; ती बाजीमामा श्वास कधी घेतात ते मोजायला बघत होती. तिला एकही सापडला नाही. जेवणाच्या पंगतीत तिनं त्यांना विचारलंच. ते गाल फुगवून हसले. म्हणाले, गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं हळूच घोट घ्यायचा. "चोरीच ती, सिस्टरबाय. लोकांस्नी कळली तर सूर वाया." आणि प्रत्येक चोरीला त्यांचं बोट गुडघ्यावर हलकंसं पडायचं, तेही त्यांनी दाखवलं. तेवढाच त्यांचा ताल.

आता ते खाटेच्या कडेला ताठ बसले होते. प्रमिलानं सदरा वर केला तर छातीवर हळद आणि एरंडेलाचा जाड लेप. गरम करून चोळलेला. धाप लागली की पाडळवेढ्यात हे घराघरांत करतात. प्रमिलाच्या आईनंही केलेलं. तिनं वरवर पुसल्यासारखं केलं आणि शाल अंथरली. वीस सेकंदं गेली. काठावर आकडा उजळला. दोन.

तिनं आपला जुना प्रश्नही विचारला, तेवढी परवानगी तिनं स्वतःला दिली होती. नाव, गाव आणि घरात कोण कोण, एका दमात सांगा. धाप असलेला माणूस गावापर्यंतही पोचत नाही. बाजीमामांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, दोन मुलगे, सुना, नातवंडं सांगितली आणि शेवटी शेळीचंही नाव सांगितलं. आवाज जरा बारीक, पण ओळ तुटली नाही.

डॉक्टर जमदाडे आत बाळंतपणात अडकले होते. प्रमिलानं निरोप पाठवला. तिथून आकडा किती म्हणून विचारणा आली आणि दोन आहे म्हटल्यावर बाकावर बसवा, असं उत्तर आलं. ते योग्यच होतं. प्रमिलानं मामांना बाकावर बसवलं, हात खिशात घातले आणि ती पुढच्या पेशंटकडं वळली.

हौसामामी मात्र बाकावर टेकायला तयार नव्हत्या. त्या तिच्या मागं मागं फिरत तक्रारी सांगत होत्या. दोन दिवस झाले, मामा आडवे झाले नाहीत, भिंतीला टेकून बसून असतात. भाकरी अर्धी परत येते. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"आणि खरं सांगू का सिस्टर, दोन दिस झालं माणूस माझ्याशी भांडला न्हाई. परवा मुद्दाम आमटीत मीठ घातलं न्हाई. तरीबी न्हाई. पन्नास वर्सांत असं झालं न्हाई."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत मुळीच नव्हतं. प्रमिलानं वळून बाकाकडं पाहिलं. बाजीमामा भिंतीला टेकून शांत बसले होते. छाती संथ वर यायची, ओठ जुळवून ते लांब, एकसारखा उच्छ्वास सोडायचे. बघणाऱ्याला वाटावं, ध्यानाला बसलेत. पण त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्या हाताचं एक बोट हलत होतं. पडत होतं, उठत होतं, पडत होतं. सूर धरल्यावर पडायचं तसंच, फक्त कितीतरी भरभर.

प्रमिलाचे हात खिशातून कधी बाहेर आले ते तिलाही कळलं नाही. तिनं त्यांच्यापुढं गुडघे टेकले, एका हातानं मनगट धरलं आणि दुसरा तळहात पोटावर ठेवला.

"इथं दुखतंय का मामा?"

"न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात ती पुरतं एक मिनिट बघत राहिली. लांब उच्छ्वास एक होता, पण त्याच्या पोटात लपलेले छोटे घोट होते. तळहाताखाली अगदी बारीक हिसका बसे, चिमणीनं चोच मारावी तसा. शालीनं मोठ्या लाटा मोजल्या होत्या, मिनिटाला तेरा. मधले हिसके शालीनं उचकीत जमा करून सोडून दिले होते. प्रमिलानं हिसके मोजले. अडतीस.

म्हातारा आपला दम तुटू देत नव्हता. आत हवा कोंडली होती, बाहेर निघत नव्हती, आणि हा माणूस साठ वर्षांच्या सवयीनं चोरून चोरून घोट घेत होता. तिला वाटलं, हा कसला आजार, ही तर सगळ्यांत लांबलेली मंगलाष्टका. आणि हा सूर तुटेल तेव्हा एकदम तुटेल, आधी सांगून नाही.

अँब्युलन्स एकच. जिल्ह्याला पाऊण तास. दोन आकड्यावर ती जागची हलणार नव्हती. मनात दुसरंही होतं. यापूर्वी दोनदा हाच हात चुकला होता. आता मोडला तर तो तिसरा आकडा, म्हणजे लेकीची सात वर्षं टांगणीला, आणि त्या सात वर्षांमागं बेचाळिसावा माणूस. ती क्षणभरच थांबली. उठली, आणि लाल कळ दाबली.

औषधांच्या खोलीत टॅबलेट वाजला असावा, कारण तन्वी लगेच दारात आली. तिनं बाकाकडं पाहिलं, शांत बसलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, हातातल्या टॅबलेटवरचा आकडा पाहिला.

"आई, दोन आहे," ती म्हणाली. "दोन आहे गं. नऊ दिवस राहिले होते."

प्रमिलानं तन्वीचं मनगट धरलं, तिला खाली बसवलं, तिचा तळहात बाजीमामांच्या पोटावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. "घड्याळ बघ," म्हणाली. "एक मिनिट."

तन्वीनं आयुष्यात लाखभर माणसांचे श्वास पडद्यावर बघितले होते, रंगीत रेघांत. हात ठेवून एकही मोजला नव्हता. पहिली पंधरा सेकंदं तिचा हात नुसताच रागानं ताठ होता. मग तो सैल झाला. प्रमिलाला आपल्या तळहाताखाली लेकीची बोटं जराशी दबल्यासारखी वाटली, ऐकण्यासाठी कान टेकावा तशी. मिनिट संपलं तेव्हा तन्वीचा चेहरा उतरला होता.

"छत्तीस मोजले," ती पुटपुटली. "दोन सुटले असतील."

"माझे अडतीस आहेत," प्रमिला म्हणाली. "पहिल्या वेळेला छत्तीस म्हणजे चांगलेच आहेत."

यावर तन्वी ताडकन उठली. हात धुवायलाही न थांबता तिनं टॅबलेटवर शालीच्या आतल्या रेघा उघडल्या. आवाजाची रेघ होती, फासळ्यांची होती. साठलेल्या वायूची रेघ मात्र अखंड नव्हती, ठिपक्याठिपक्यांची होती. ठिपके म्हणजे शालीला ते मोजताच आलेलं नाही. एखादं माप मिळालं नाही तर बाकीच्या मापांवरून ते काय असेल याचा अंदाज करून शाल ती जागा भरून काढायची. तन्वीनंच तिला तसं शिकवलं होतं, कारण शहरातल्या प्रयोगांत तो अंदाज कधी चुकला नव्हता. पण इथं बाकीची मापं एका सूर धरणाऱ्याची होती. आणि वायूचे धागे कातडीपर्यंत पोचलेच नव्हते. त्यांच्या आणि कातडीच्या मध्ये हौसामामींनी प्रेमानं चोळलेली बोटभर हळद होती.

दोघींनी मिळून मामांना खाटेवर घेतलं. तन्वीनं साबणाचं कोमट पाणी आणलं, स्वतःच्या ओढणीनं छाती पुसून काढली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि शाल पुन्हा अंथरली. वीस सेकंदं कधी नव्हे इतकी लांबली. आकडा उजळला. आठ.

मग सगळं भरभर झालं. जमदाडे धावत आले. वाफेतून औषध सुरू झालं, सुई टोचली गेली, दाबानं हवा देणारा मास्क तोंडाला लागला. मास्क बांधताना मामांचे डोळे प्रमिलाला शोधत होते. तिनं वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं, "मामा, आता सोडा. सूर यंत्र धरतंय. तुम्ही दम घ्या." गुडघ्यावरचं बोट आणखी दोनचारदा पडलं आणि थांबलं. त्यांनी डोळे मिटले तशी हौसामामींनी हंबरडा फोडायला तोंड उघडलं, पण प्रमिलानं त्यांचा हात धरून मामांच्या पोटावर ठेवला. ते पोट मोठ्यानं आणि सावकाश वर येत होतं.

अँब्युलन्सला पाच मिनिटं होती. तेवढ्यात तन्वी टॅबलेट घेऊन भिंतीपाशी उभी होती. प्रमिलानं मागून पाहिलं. पडद्यावर एक चौकट उघडली होती. शाल नीट अंथरली नव्हती असं कारण दिलं तर पहिला आकडा पुसता येत होता. आकडाच नाही म्हटल्यावर तो मोडलाही गेला नाही. रुग्णालय बाद होणार नाही, परवानगी नऊ दिवसांनी हातात. आणि कारण तसं खोटंही नव्हतं. लेप तर होताच.

बोलायचा प्रमिलाला हक्क वाटत नव्हता. तन्वीचं बोट त्या चौकटीवर बराच वेळ तरंगत राहिलं.

"हे पुसलं," शेवटी ती आईकडं न बघताच म्हणाली, "तर उद्या दुसऱ्या कुठल्या गावात कुणी दुसरं काही चोळून येईल. आणि तिथं तू नसशील."

तिनं चौकट बंद केली आणि आकडा मोडल्याचा खुलासा लिहायला घेतला. हळदीचा लेप, ठिपक्यांची रेघ, तेरा आणि अडतीस, सगळं जसंच्या तसं. खाली 'कुणाच्या लक्षात आलं' अशी जागा होती. तिथं तिनं आधी आईचं नाव लिहिलं. मग थांबून त्याच्या वरच्या ओळीत हौसाबाई ऐवळे असं लिहिलं.

प्रमिला अँब्युलन्समध्ये मामांच्या उशाशी बसून गेली. दार लावताना तन्वीनं तिच्या हाताकडं पाहिलं. तळहात पिवळाधमक झाला होता. तिनं स्वतःचाही पाहिला. तोही तसाच.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

पाडळवेढं चाचणीतून बाद झालं ते झालंच. शालीची परवानगी चौदा महिने लांबली. त्या चौदा महिन्यांत कुठल्या तरी गावात शाल असती तर वाचली असती अशी माणसं गेली असतील, हे दोघींनाही कळत होतं. त्याचं ओझं दोघींनी आपापल्या परीनं वाहिलं. परवानगी मिळाली तेव्हा मात्र शाल बदललेली होती. मोजता न आलेली जागा ती आता अंदाजानं भरून काढत नसे. तिथं काठावर आकड्याऐवजी दोन शब्द उजळत, 'माहीत नाही'. तसं उजळलं की काय करायचं तेही शिकवलं जाई: छाती धुवा, पुन्हा अंथरा, आणि तोवर पोटावर तळहात ठेवून एक मिनिट मोजा. आज आसामपासून केरळपर्यंत नव्या सिस्टर ते एक मिनिट शिकतात. ते पाडळवेढ्यातून आलं हे त्यांना ठाऊक नाही.

बाजीमामा अकराव्या दिवशी घरी आले. पुन्हा ड्रमवर गेले नाहीत. आणखी सहा वर्षं जगले आणि हौसामामींशी रोज भांडले. तन्वीच्या लग्नात डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना त्यांनी सुराची सनई तोंडाला लावली, एकाच मंगलाष्टकेपुरती, आणि मग ती शेजारी बसलेल्या धाकट्या सुनेच्या हातात दिला. वैजयंता तिचं नाव. त्या भागात सूर धरणारी ती पहिली बाई. पुढं तिनं सुरावटही धरली. हौसामामी मामांच्या मागं नऊ वर्षं होत्या. आमटीत मीठ घालताना त्या रोज कुणाला तरी ती गोष्ट सांगायच्या.

जमदाडे जिल्ह्याला गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

प्रमिला ठरल्या तारखेला निवृत्त झाली. सत्काराला शाल आणि नारळ मिळाल्यावर ती इतकी हसली की बाकीच्यांना कारण कळेना. मग तन्वीकडं पुण्यात राहिली, नातीला वाढवलं आणि एक्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. रुग्णालय मोठं होतं, शाल सगळ्यांत नवी. आकडा आला, नऊ. तो बरोबर होता. डॉक्टरांनी जे सांगायचं ते तन्वीला बाहेर नेऊन सांगितलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं, कारण ते तिच्याच यंत्रानं सांगितलं होतं.

ती आत येऊन खाटेशी बसली. आईचं मनगट धरलं, दुसरा तळहात तिच्या पोटावर ठेवला.

"इथं दुखतंय का गं?"

प्रमिलानं डोळे उघडले नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं. डाव तिचाच होता, तिला कळला. "नाही," ती म्हणाली.

तन्वी समोरच्या घड्याळाकडं बघून मोजू लागली. मोजायची काही गरज नव्हती. काटा फिरून जागेवर आला, एक मिनिट झालं, दुसरं झालं. तिनं हात उचलला नाही.